उंबरावरचा जकातदार

पुण्याच्या गुरुवार पेठेत, जिला जुन्या काळी वेताळ पेठ म्हणत, पंच हौदाजवळ एका ख्रिस्ती देवालयाचा उंच घंटामनोरा उभा आहे. त्याच्या सावलीतून रोज शेकडो माणसे येतात-जातात; परंतु त्यांतल्या एखाद्या मुरलेल्या पुणेकराला थांबवून ह्या वास्तूविषयी विचारले, तर तो देवालयाचे नाव सांगणार नाही, तेथे कोणाची उपासना चालते हेही सांगणार नाही, चहाची गोष्ट मात्र तपशीलवार सांगेल. १८९० च्या ऑक्टोबरात येथल्या मिशनात व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी ती घेतली, कोणी नुसता पेला हाती धरून यजमानांचा मान राखला. आणि मग गोपाळराव जोशी ह्या विक्षिप्त गृहस्थाने हजर असलेल्यांची यादीच ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणल्यामुळे रानडे आणि टिळक ह्यांच्यासह बरीच मंडळी ग्रामण्यात सापडली, ही कथा आम्हां पुणेकरांना आजोळच्या गोष्टीसारखी पाठ आहे. चहा आठवतो, ज्या घरी तो घेतला त्या घरच्यांचे नाव आठवत नाही.

ते नाव आहे ‘पवित्र नाम देवालय’. गेल्या चारशे वर्षांत मराठीने ख्रिस्ती धर्माचे जे शब्द रिचवले आणि ज्या अप्रसिद्ध व्यक्तींना आपल्या घरात ओटा दिला, त्यांची चौकशी करायची तर प्रारंभ ह्या नावापासूनच करावा. ह्या देवालयापासून नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा आणि भवानी पेठेतला पालखी विठोबा हाकेच्या अंतरावर आहेत. आषाढात तुकोबांची आणि ज्ञानोबांची पालखी तेथे विसावते, तेव्हा सबंध परिसर नामाने दुमदुमतो. नाम हेच साधन मानणाऱ्या ह्या वस्तीत ख्रिस्ती देवालयाचेही नाव ‘नाम’ असावे, हा योगायोग कोणालाही सुखवील. पण त्या नावाची वंशावळ थेट इटलीत जाऊन पोचते. सिएना नगरीचा बर्नार्दिन (१३८०–१४४४) हा फ्रान्सिस्कन संप्रदायाचा अनवाणी फिरणारा प्रवचनकार बाजाराच्या चौकात प्रवचन संपवताना एक रंगवलेली फळी उंच धरीत असे. तिच्यावर सूर्यकिरणांच्या वलयात येशूच्या नावाची तीन अक्षरे असत आणि लोक त्यांपुढे गुडघे टेकत. अक्षरांची पूजा म्हणजे मूर्तिपूजाच नव्हे काय, असा आक्षेप घेऊन विरोधकांनी त्याला पोप पाचवा मार्टिन ह्याच्यापुढे खेचले, आणि तेथून तो निर्दोष सुटला. ती तीन अक्षरे आजही अनेक देवळांच्या वेदीवर दिसतात आणि त्यांचे नाना तऱ्हेचे विस्तार करून सांगणारे हौशी लोकही भेटतात. वस्तुतः ती ग्रीक लिपीतल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे, आयोटा, ईटा आणि सिग्मा, एवढीच आहेत.

चहाच्या प्रकरणाचा शेवट प्रायश्चित्तात झाला, हे सर्वश्रुत आहे. शंकराचार्यांनी चौकशी नेमली, वादी-प्रतिवादी झाले, धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडले गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले, आणि रानड्यांनी पुढे स्वतः प्रायश्चित्त घेऊन आपल्या सुधारक मित्रांचाच रोष ओढवून घेतला. परंतु ज्या ‘प्रायश्चित्त’ शब्दावर बाहेर हा एवढा खल चालला होता, तोच शब्द त्या आवाराच्या आत मराठी ‘पवित्र शास्त्रा’त, म्हणजे बायबलात, निराळाच अर्थ वाहत होता, ह्याकडे त्या धुमाळीत कोण पाहणार? यहुदी धर्मशास्त्राच्या लेवीय ह्या पुस्तकात वर्षातून एक दिवस सबंध राष्ट्राच्या प्रायश्चित्तासाठी राखून ठेवला आहे. त्या दिवशी दोन बकरे आणून त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकीत. एकाचा बळी देवाला जाई, आणि दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रमुख याजक लोकांची सारी पापे उच्चारून त्याला ‘अजाजेला’कडे, म्हणजे निर्जन रानात, जिवंत सोडून देई. अजाजेल हे रानातल्या कोण्या पिशाचाचे नाव, की कड्याचे, की नुसत्या दूर घालवण्याचे, ह्यावर पंडितांचा काथ्याकूट चालू आहे. आपल्याकडच्या ‘बळीच्या बकऱ्या’पेक्षा हा बकरा वेगळा एवढे खरे, कारण त्याची शिक्षा मरणाची नव्हे, हद्दपारीची होती. येशूचे क्रूसावरचे मरण समजावून सांगताना ख्रिस्ती धर्मशास्त्राने ह्याच विधीचा आधार घेतला. आणि मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द उचलला, तेव्हा त्याची दिशाच पालटली. हिंदू धर्मशास्त्रात ज्याचा दोष त्याने प्रायश्चित्त घ्यायचे. पवित्र शास्त्रात ज्याचा दोष नाही त्याने ते करायचे आणि दोषी माणसाने कृतज्ञतेने स्वीकारायचे. एकाच आवाराच्या भिंतीच्या आत आणि बाहेर एक शब्द असा पाठीला पाठ लावून उभा होता.

भाषांतराची कसोटी देवाच्या नावापाशी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. मला मात्र अनेक वर्षे मराठी पवित्र शास्त्राची पाने उलटताना असे वाटत आले आहे, की खरी कसोटी लहान माणसांच्या हुद्द्यांपाशी लागते. देवाला ‘देव’ म्हणता येते, ‘परमेश्वर’ म्हणता येते. त्याची सोय प्रत्येक भाषेने आधीच करून ठेवलेली असते. पण रोमन साम्राज्याच्या एका कोपऱ्यातल्या पराधीन प्रांतात जे लेखनिक, वसुलीदार, शिपाई आणि कारभारी वावरत होते, त्यांना पुण्याच्या पेठेत कोणत्या नावाने हाक मारावी?

‘शास्त्री’ हा शब्दच पाहा. यहुद्यांच्या नियमशास्त्राच्या नकला करणारे, त्याचा अर्थ लावणारे आणि निवाडे देणारे जे विद्वान, त्यांना मराठी पवित्र शास्त्रात ‘शास्त्री’ म्हटले आहे. आणि येशू ज्या दोन वर्गांवर वारंवार कोरडे ओढतो ते ‘शास्त्री व परूशी’ होत. ज्या शहरात शास्त्रीबुवांना रमण्याच्या दक्षिणेत मान होता, तेथे हे शब्द ऐकणाऱ्याच्या कपाळी केवढी आठी पडली असेल, ह्याची कल्पनाच करावी. ‘परूशी’ हा शब्द मात्र भाषांतरकाराने मूळचा ठेवला. हिब्रू-अरामी भाषांत त्याचा अर्थ ‘वेगळे राहिलेले’ असा आहे, आणि आचारातल्या शुद्धतेसाठी वेगळे राहणे म्हणजे काय हे सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ह्या परूशांवर इतिहासाने थोडा अन्यायही केला आहे. ते ढोंग्यांचे टोळके नव्हते. देवळातल्या याजकांपुरती असलेली शुद्धता सामान्याच्या स्वयंपाकघरापर्यंत आणावी, ह्या तळमळीचे ते लोक होते, आणि रात्रीच्या वेळी येशूकडे शंका विचारायला येणारा निकदेम हा सत्पुरुष परूशीच होता. त्यांचे प्रतिस्पर्धी ‘सदूकी’ देवळाच्या सत्तेभोवतीचे श्रीमंत याजक. पुनरुत्थान त्यांना मान्य नव्हते. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमेचे मंदिर पाडले आणि त्याबरोबर सदूकी इतिहासातून पुसले गेले. परूशांची परंपरा मात्र मंदिरावाचून जगण्याची विद्या जाणत होती, म्हणून ती पुढच्या यहुदी धर्माचा कणा झाली.

राज्यकारभाराच्या शब्दांपाशी आले, की मराठी भाषांतरकाराने बेधडक पेशवाई दप्तराचा रुमाल सोडलेला दिसतो. येशूला क्रूसावर पाठवणारा पंतय पिलात हा ‘सुभेदार’ आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवणारा हेरोद हा ‘मांडलिक’ आहे. कैसर औगुस्ताच्या हुकुमाने लोकांची ‘नावनिशी’ लिहिली जाते, आणि त्या नावनिशीसाठीच योसेफ आणि मरीया बेथलेहेमेस जातात. शिपायांच्या शंभराच्या तुकडीवरचा नायक ‘शताधिपती’ हा तेवढा संस्कृतातून आला आहे. बाकीचा सरंजाम फडावरचा. दानपेटीत गरीब विधवेने टाकलेल्या नाण्यांना ‘टोल्या’ आणि ‘दमडी’ ही नावे मिळाली. पिलाताचा खरा अधिकार आणि मोगलाई सुभेदाराचा अधिकार ह्यांत मोठे अंतर होते हे खरे. तथापि वरच्या सत्तेची मर्जी सांभाळीत, दंगा होऊ नये एवढ्याच चिंतेने न्यायनिवाडा उरकणारा प्रांताधिकारी म्हणजे कोण, हे त्या एका शब्दाने मराठी माणसाला कळून चुकले.

ह्या सर्वांत माझ्या विशेष लोभातला माणूस म्हणजे यरीहो गावचा मुख्य जकातदार जक्कय. लूकच्या शुभवर्तमानात त्याला जेमतेम दहा ओव्यांइतकी जागा मिळाली आहे. रोमन अमलात जकातीचा मक्ता दिला जाई. मक्तेदाराने ठराविक रक्कम सरकारात भरायची आणि मग नाक्यावर बसून व्यापाऱ्यांकडून ती वाढवून वसूल करायची. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती अशाच मक्त्याने देण्याचा प्रघात पडला आणि रयत कशी नागवली गेली, हे ज्यांच्या घरी आठवणीत होते, त्यांना ‘जकातदार’ शब्दावर टीप देण्याची गरज नव्हती. परक्या सत्तेचा चाकर आणि वर आपल्याच लोकांना लुटणारा, म्हणून यहुदी समाजात जकातदाराची गणना पापी माणसांबरोबर होई. आणि प्रामाणिक जकातदार म्हणजे आपल्या म्हणीतले उंबराचे फूल.

हा जक्कय ठेंगणा होता. येशू गावातून चालला असता गर्दीच्या खांद्यांवरून त्याला काही दिसेना, आणि त्याच्यासारख्याला वाट कोण करून देणार? तेव्हा हा धनाढ्य अधिकारी आपली पत-प्रतिष्ठा गुंडाळून पुढे धावला आणि एका झाडावर चढला. ते झाड कोणते? इंग्रजी पुस्तकात जे नाव आहे, त्याच नावाचे एक अगदी वेगळे, पाच बोटी पानांचे झाड विलायतेत असल्यामुळे तिकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहते. मराठी भाषांतरकाराने मात्र ‘उंबर’ लिहिले, आणि तो अचूक ठरला. पॅलेस्टाइन आणि ईजिप्त ह्या देशांतले ते झाड आपल्या उंबराचा सख्खा भाऊबंद आहे: तसेच बुंध्याला आणि जाड फांद्यांना लगडणारे फळांचे घोस, तशीच फळांत चिलटांची वस्ती, आणि तशाच खालपासून पसरलेल्या फांद्या, ज्यांवर आखूड पायांच्या प्रौढ माणसालाही चढता यावे. आमच्या दत्तसंप्रदायी माणसाने हे प्रथम वाचले असेल, तेव्हा औदुंबराच्या पाराशी वहाणा काढून प्रदक्षिणा घालायची सोडून हा जकातदार थेट फांदीवर कसा बसला, असे त्याच्या मनात आले असल्यास नवल नाही. येशूने वर पाहिले, त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितले. त्याच्या घरचे जेवण म्हणजे त्या काळचा पंच हौदाचा चहाच होता. लोक कुरकुरलेही तसेच. जक्कयाने अर्धी मालमत्ता गोरगरिबांस देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. येथे नियमशास्त्र ठाऊक असलेल्या वाचकाला एक बारकावा दिसतो: आपणहून गुन्हा कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश एवढेच द्यायचे असे; चौपटीचा दंड मेंढरू चोरून कापणाऱ्याला होता. जक्कयाने स्वतःला मेंढरूचोराच्या पंक्तीत बसवून हिशेब केला. आणि त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ काय, तर ‘निर्मळ’!

पुणे महानगरपालिकेची जकात २०१३ साली उठली. नाक्यांवरच्या रांगा गेल्या. आता शाळकरी मुलाला ‘जकातदार’ समजावून सांगायची पाळी येईल, आणि तो अर्थ पवित्र शास्त्राच्या पानांतच शिल्लक राहील. शब्दाचे आश्रयस्थान असे कोठेही असू शकते.

दप्तरी शब्दांच्याही तळाशी आणखी एक जुना थर आहे, आणि तो समुद्रावरून आलेला आहे. पाद्री, क्रूस, मिस्सा हे शब्द पोर्तुगीज. डिसेंबरात प्रत्येक मराठी पंचांगात आणि सुट्ट्यांच्या यादीत छापला जाणारा ‘नाताळ’ हाही पोर्तुगीज, आणि त्याचा अर्थ नुसता ‘जन्म’. ज्या गलबतांतून पाव, बटाटा, चावी आणि पगार आले, त्यांतूनच हे उतरले. पुण्यात ते आले ते बहुतांशी पेशव्यांच्या पदरच्या गोवेकर आणि पोर्तुगीज लष्करी माणसांबरोबर. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत दिलेल्या जागेवर क्वार्टर गेटजवळचे ‘सिटी चर्च’ उभे राहिले, आणि त्याचा इतिहास १७९२ पर्यंत मागे जातो. ते देऊळ मरीयेच्या ‘निष्कलंक गर्भसंभवा’ला वाहिलेले आहे. ह्या संज्ञेचा अर्थ शिकलेली माणसेही चुकीचा सांगतात. कुमारी मातेच्या पोटी येशूचा जन्म झाला, ही गोष्ट निराळी. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे स्वतः मरीया आपल्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून आदिपापाच्या डागापासून मुक्त होती, हा सिद्धांत. लोकांच्या भक्तीत तो शतकानुशतके होता, विद्वानांत त्यावर कडाक्याचे वाद झाले होते, आणि पोप नववा पायस ह्याने त्याची अधिकृत घोषणा केली ती १८५४ च्या डिसेंबरात, म्हणजे पुण्याच्या ह्या देवळाच्या आरंभानंतर बासष्ट वर्षांनी.

पोर्तुगीजांच्या गोव्यात राहून मराठीला पोर्तुगीज शब्दांऐवजी पुराणांची भाषा देणारा माणूस जन्माने इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आला तो परत गेलाच नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली आणि हाती नवे काही आले नाही, ही त्यांची भूक ओळखून त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे, देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे रोमन लिपीत, छापले गेले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. त्याच्याच परंपरेतला फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ तर आज अभ्यासकांबाहेर कोणाच्या गावीही नाही. ह्या परदेशी माणसाने पेत्र ह्या कोळ्याच्या चरित्रावर मराठी ओव्यांचे प्रचंड पुराण लिहिले, आणि ते १६२९ पासून गोव्यात छापले गेले. ख्रिस्तपुराणाच्या त्या काळच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांच्या आधारे ते १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापले गेले, आणि देवनागरी वेषात मराठी वाचकाच्या हाती आले ते शांताराम बंडेलू ह्यांनी सिद्ध केलेल्या आणि पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने १९५६ मध्ये काढलेल्या आवृत्तीमुळे. पुराणवाङ्मयाची आवड असलेल्या पुण्यातच हे पुराण पुन्हा लोकांपुढे यावे, हे उचितच झाले.

आता पुन्हा पंच हौदाकडे वळू. कारण ह्या आवारात एक असा मनुष्य वावरून गेला, की ज्याचे नावच एका विस्मृत बायबली पुरुषाचे होते. नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे चित्पावन घराण्यातले, १८२५ मध्ये झाशीकडे जन्मलेले आणि काशीत वाढलेले पंडित. मिशनऱ्यांचे खंडन करावे म्हणून त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ हाती घेतले, आणि खंडन करता करता १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्यांनी नाव धारण केले ते नहेम्या. हा नहेम्या म्हणजे इराणच्या बादशहाचा ‘प्यालेबरदार’, म्हणजे द्राक्षारस आधी स्वतः चाखून मग बादशहाच्या हाती पेला देणारा विश्वासू चाकर. आपल्या पूर्वजांच्या नगरीची तटबंदी ढासळून पडली आहे, हे कळताच त्याने रजा मागितली, यरुशलेमेस जाऊन रात्रीच्या अंधारात मोजकी माणसे बरोबर घेऊन पडझडीची पाहणी केली, आणि शत्रूंच्या धमक्या सोसून, एका हातात हत्यार आणि एका हातात काम अशा रीतीने, बावन्न दिवसांत कोट बांधून काढला. परदरबारात चाकरी करूनही ज्याचे चित्त आपल्या मोडक्या तटापाशी होते, अशा माणसाचे नाव एका काशीकर शास्त्र्याने घ्यावे, ह्यात बरेच काही आले.

गोऱ्ह्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत लिहून सहाही दर्शनांची झडती घेतली. त्यांचा एक मुद्दा शब्दांच्याच मर्माला हात घालतो. आपण ज्याला ‘सृष्टी’ म्हणतो त्या शब्दातल्या धातूचा अर्थ आहे सोडणे, बाहेर टाकणे. कोळ्याने आपल्यातूनच तंतू काढावा तसे. प्रकृतीपासून, परमाणूंपासून, मायेपासून जग झाले असे दर्शने सांगतात. काहीही नसताना निव्वळ इच्छेने जग निर्माण करणे ही कल्पना त्यांत बसत नाही, म्हणून ‘उत्पत्ती’ हे मराठी पवित्र शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकाचे नाव वाचणारा पंडित वाचतो एक आणि समजतो दुसरेच, ही अडचण त्यांच्या ध्यानी आली होती. उत्तर आयुष्यात ते पंच हौदाच्या काउली संप्रदायाच्या पाद्र्यांबरोबर राहिले, प्रार्थनासमाजाच्या मंडळींपुढे व्याख्याने देत राहिले, आणि स्वतःला अपात्र मानून त्या संप्रदायाचे कायमचे व्रत घेण्याचे मात्र टाळीत राहिले. १८९५ मध्ये ते वारले. त्यांच्या लेखनाने ज्यांचे मन वळले त्यांत एक बाई होत्या, आणि शब्दांच्या ह्या इतिहासातले पुढचे प्रकरण त्यांचे आहे.

पंडिता रमाबाईंना आपण शारदासदनामुळे, केशवपनाविरुद्धच्या लढ्यामुळे ओळखतो. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तो तेथील भगिनीसंप्रदायात. त्याच संप्रदायाच्या भगिनी पंच हौदाला काम करीत. पण त्यांच्या आयुष्यातले सर्वांत दीर्घ काम सर्वांत कमी जणांना ठाऊक आहे. दौंडच्या वाटेवरील केडगावी, मुक्तिसदनात, संस्थेच्या आणि शेकडो मुलींच्या व्यापात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध पवित्र शास्त्र मुळातून मराठीत आणण्यास त्यांनी प्रारंभ केला. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते उमगत नाही, आणि पुराणांतले शब्द वापरले की पुराणांतले अर्थही न बोलावता आत येतात, असे त्यांचे मत झाले होते. हे मत धरणारी व्यक्ती कोण, तर अठरा हजार श्लोकांचे भागवत जिच्या जिभेवर होते आणि कलकत्त्याच्या पंडितसभेने जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले ती. स्टीफन्स ह्या इंग्रजाने परका देव मराठी माणसाला आपला वाटावा म्हणून वैकुंठ उसने घेतले. आणि वैकुंठाची वाट पावलापावलाने ठाऊक असलेल्या रमाबाईंनी तीनशे वर्षांनी तो शब्द दाराबाहेर ठेवला. दोघांचाही हेतू एकच होता, ऐकणाऱ्याला नीट कळावे हा. माझ्या रसिकतेचा कल स्टीफन्सकडे आहे. पण आपल्याच विद्येचा त्याग करणाऱ्या रमाबाईंपुढे ती रसिकता थोडी ओशाळते.

साधेपणाची ही ओढ मराठी ख्रिस्ती भाषेत तशी नवी नव्हती. यहुद्यांच्या ‘पेसह’ सणासाठी घडवलेला ‘वल्हांडण’ हा शब्द पाहा. ईजिप्तातल्या प्रथम जन्मलेल्या मुलांचा संहार करीत निघालेला परमेश्वर रक्ताची खूण असलेली इस्राएलांची घरे ओलांडून गेला, म्हणून ‘वल्हांडण’. उंबरठा ओलांडणाऱ्या घरगुती क्रियापदाला थोडा जुना वेष चढवला आणि सण उभा राहिला. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांचे प्रार्थनामंदिर रास्ता पेठेतही आहे, यहुद्यांचे सण मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीपासून मराठीत पाळीत आले होते आणि त्यांनी त्या सणांना ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’ अशी त्याहून घरगुती नावे दिली होती. तसाच ‘मंडळी’ हा शब्द. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोलावून जमवलेली सभा. मराठीत त्याला कीर्तनाला जमणारी, पंगतीला बसणारी, आणि प्रसंगी नवऱ्याने बायकोचे नाव न घेता जिचा उल्लेख करावा ती ‘मंडळी’ भेटली. दगडविटांच्या इमारतीला हा शब्द लागू पडत नाही, माणसांनाच लागतो, हे त्याचे मोठेपण.

रमाबाईंचे भाषांतर मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापले गेले. मजकुराची शेवटची मुद्रिते तपासून होतात न होतात, तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो जुळवला, छापला, बांधला तो आश्रमातल्या मुलींनी आणि स्त्रियांनी. त्यांतल्या कित्येकजणी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून आणलेल्या. म्हणजे मराठी ही त्यांची जन्मभाषाही नव्हती. खिळे जुळवणाऱ्याला अक्षरे उलटी वाचावी लागतात; एकेक काना, मात्रा, वेलांटी कप्प्यातून उचलून ओळ भरावी लागते. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायाशी पोचलेल्या कोण्या मुलीच्या चिमटीत जक्कयाच्या नावातला जोड ‘क’ आला असेल, आणि गर्दीत कोणी वाट देत नाही म्हणून झाडावर चढलेल्या त्या ठेंगण्या माणसाची गोष्ट तिने खिळ्याखिळ्याने वाचली असेल. येशूने त्याला नाव घेऊन हाक मारली, हे ती ओळ आवळताना तिला कळले असेल. तिचे स्वतःचे नाव मात्र त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही.